शांघायचा बांध आणि माळव्याची अफू

२०१८ च्या ऑक्टोबरात आम्ही चौघे मित्र दोन दिवसांसाठी शांघायला गेलो. चौघांचीही घराणी महाराष्ट्राबाहेर पाच-सहा पिढ्या रुजलेली. एक इंदूरकर, एक ग्वाल्हेरकर, एक बडोदेकर आणि एक बेळगावकर. बडोदेकरांचे चिरंजीव त्या वेळी नोकरीनिमित्त सुझौ येथे राहत असत व आमचा मुक्काम त्यांच्याकडे होता. शनिवार-रविवार गाठून त्यांनी आम्हांला गाडीत बसवून दिले. अर्ध्या तासात शांघाय आले. पिशवीत दशम्या, चिवडा आणि लिंबाचे लोणचे होते. त्यामुळे जेवणाची चिंता नव्हती.

चीन म्हटले की आमच्या पिढीला दोनच गोष्टी आठवतात. एक १९६२ चे युद्ध आणि दुसरी डॉक्टर कोटणीस. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. त्याच पथकात नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते. शांताराम बापूंचा १९४६ चा चित्रपट आम्ही शाळकरी वयात पाहिलेला. चीनशी मराठी माणसाचा संबंध म्हणजे सेवेचा संबंध, अशी आमची पक्की समजूत होती. शांघायच्या नदीकाठी दोन दिवस हिंडल्यावर त्या समजुतीत भर घालावी लागली. ती भर कोणती, हे सांगण्यासाठीच हा लेख.

ह्वांगपू नदीच्या पश्चिम काठावर जुन्या युरोपीय धाटणीच्या दगडी इमारतींची लांबच लांब ओळ आहे. चिनी लोक त्या काठाला ‘वाइतान’ म्हणतात, इंग्रज ‘बंड’ म्हणत आले. आमची वाटाडी मुलगी वारंवार ‘बंड, बंड’ म्हणू लागली तेव्हा ग्वाल्हेरकरांना सत्तावनच आठवले. पण हे बंड म्हणजे उठाव नव्हे. मूळ शब्द फारसीतला ‘बंद’, म्हणजे पाणी अडविणारा बांध. तो हिंदुस्थानीत रुळला, येथून इंग्रजांनी उचलला आणि पूर्वेकडील बंदरांत नेला. आपला ‘बांध’ आणि ‘बंधारा’ हे त्याचेच सगोत्र. “अहो, म्हणजे शब्द आपल्याच घरचा की!” बेळगावकर म्हणाले. शब्द ज्या जहाजांतून गेला, त्या जहाजांत आणखी काय होते, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात आला नाही.

तो आला पीस हॉटेलच्या दारात. हिरव्या निमुळत्या छपराची ही इमारत १९२९ मध्ये सर व्हिक्टर ससून यांनी बांधली. तिचे जुने नाव ससून हाउस. ससून हे नाव वाचताच आम्ही चौघेही थबकलो. पुण्याचे ससून रुग्णालय, मुंबईचे ससून वाचनालय, कुलाब्याची ससून गोदी, पुण्यातले लाल देऊळ, ही सारी आपल्या ओळखीची. बगदादहून १८३२ च्या सुमारास मुंबईस आलेले डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यात वारले आणि लाल देवळाच्या आवारातच त्यांची समाधी आहे. त्यांचा मुलगा इलायस १८४४ मध्ये चीनला गेला. कापूस, कापड आणि इतर मालाबरोबरच ससूनांच्या व्यापाराचे एक मोठे अंग अफू हे होते. १८७० नंतरच्या काळात हिंदी अफूच्या चीनमधील व्यापारावर त्यांचेच वर्चस्व होते.

आता ही अफू कोठली, हे पाहिले पाहिजे. हिंदुस्थानातून चीनला जाणारी अफू मुख्यतः दोन प्रकारची. बिहार व बनारसकडील अफू कंपनी सरकारच्या मक्त्याची. ती कलकत्त्याहून जाई. दुसरी माळव्याची. इंदूर, उज्जैन, मंदसोर, रतलाम, नीमच या मुलखात कार्तिकात खसखस पेरली जाई, माघ-फाल्गुनात बोंडांना चिरा देऊन चीक काढला जाई आणि तो जवसाच्या तेलात ठेवून पुढे त्याच्या वड्या होत. हा सारा मुलूख होळकर, शिंदे, पवार आणि इतर संस्थानिकांचा. कंपनीचा मक्ता येथे चालत नव्हता. १८१८ नंतर कंपनीने संस्थानिकांशी करार करून हा माल आवळण्याचा प्रयत्न केला, परंतु ग्वाल्हेर दरबार त्या बंधनात आला नाही आणि व्यापाऱ्यांनीही आडवाटा शोधल्या. उंटांचे तांडे राजपुतान्यातून कराचीकडे जात आणि तेथून माल समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला पोहोचे.

दमणचे नाव निघताच बेळगावकर सरसावले. त्यांचे आजोळ गोव्यातले. दमणमार्गे चालणाऱ्या या व्यापारात रोजेरियो द फारिया हे गोमंतकीय घराण्यातील मुंबईकर व्यापारी अग्रभागी होते आणि जमशेटजी जिजीभाईंशी त्यांची भागीदारी होती, ही माहिती त्यांनीच दिली. अखेर कंपनीने हट्ट सोडला आणि १८३१ च्या सुमारास परवान्याची पद्धत सुरू केली. इंदूरला पेटी तोलायची, दर पेटीमागे १७५ रुपये भरायचे आणि माल थेट मुंबईस न्यायचा. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांनी घेतला, कराचीची आडवाट बंद झाली आणि हे शुल्क वाढत वाढत १८४७ मध्ये ४०० रुपयांवर गेले. एका पेटीत सुमारे १४० पौंड अफू मावे.

तिकडे चीनमध्ये काय घडत होते, तेही याच वर्षांत पाहावे. १८३९ च्या जूनमध्ये लिन त्सेशू या अधिकाऱ्याने कँटनजवळ परदेशी व्यापाऱ्यांच्या वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या. त्यावरून युद्ध पेटले. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने पाच बंदरे परकीय व्यापारास खुली झाली, त्यांपैकी शांघाय एक. १८५८ मध्ये अफूच्या आयातीला कायद्याची मान्यता मिळाली आणि दर पेटीला तीस ताएल चांदी अशी जकात बसली. नदीकाठची चिखलाची वाट दगडाने बांधली गेली, तिच्यावर पेढ्या आणि बँका उभ्या राहिल्या. तिकडे अफूच्या चिलमीपुढे किती घरे बुडाली, हे येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

दुपारी आम्ही जकातघरासमोरच्या बाकावर दशम्या सोडल्या. हल्लीची इमारत १९२७ ची. वर घड्याळाचा मनोरा आहे. त्याचे टोले पडत असता इंदूरकर एकाएकी म्हणाले, “आमचे खापरपणजोबा होळकरांच्या सायर कचेरीत कारकून होते.” हे आम्ही अनेकदा ऐकले होते. त्या घराण्याच्या प्रतिष्ठेची ती पहिली पायरी. पण या वेळी त्यांनी पुढचे वाक्यही उच्चारले. घरात मोडीतल्या वह्यांचे एक गाठोडे आहे, त्यातले एकच पान त्यांच्या वडिलांनी एकदा वाचून दाखविले होते, आणि त्यावर साहुकारांची नावे, ‘अफीम पेट्या’ आणि पुढे ‘रवाना मुंबई’ असे लिहिलेले होते.

कोणी काही बोलले नाही. सायर म्हणजे संस्थानच्या हद्दीतून जाणाऱ्या मालावरची जकात. एकाच पेटीवर प्रथम संस्थानची सायर, मग कंपनीचे परवाना शुल्क आणि शेवटी आमच्या पाठीमागच्या या जकातघरातले तीस ताएल. साखळीचे पहिले टोक मोडीत लिहिले जात होते आणि ते लिहिणारा हात आपला होता.

येथे न्यायाधीश होण्याचा आमचा हेतू नाही. कारकुनाने पेटी मोजली, पगार घेतला, पोरे वाढविली. चीनमध्ये त्या मालाचे काय होते, हे त्याला कितपत ठाऊक असावे? शेतकऱ्याच्या हाती तर फारसे काही उरतच नव्हते. साहुकाराकडून आगाऊ उचल घेऊन तो पेरणी करी आणि चीक त्याच्याच घरी नेऊन घाली. पण आमच्या शहरांच्या वैभवाचा हिशेब मांडताना आम्ही वाडे, मंदिरे, पाठशाळा आणि गाणी सांगतो. १८७० च्या दशकात रेल्वे यावी म्हणून दुसऱ्या तुकोजीरावांनी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, हे अभिमानाने सांगतो. त्या तिजोरीत अफूचा वाटा होता, हे सांगत नाही. आमच्या संस्थांच्या स्मरणिकांत हा शब्द आम्हांला कधी आढळला नाही.

रविवारी सकाळी पुन्हा त्याच काठावर गेलो. ससून हाउससमोर, रस्त्याच्या पलीकडे, जुन्या पॅलेस हॉटेलची लाल-पांढऱ्या विटांची इमारत आहे. १९०९ च्या फेब्रुवारीत तेथेच तेरा राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय अफू कमिशन भरले. १९०७ पासूनच हिंदी अफूची निर्यात वर्षावर्षाने घटवीत नेण्याचे ठरले होते. १९१३ मध्ये चीनला जाणारी निर्यात थांबली. नदीपलीकडे पुडाँग. आज तेथे ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर उभा आहे आणि पर्यटक त्याच्याकडे पाठ करून छायाचित्रे काढून घेतात. त्याच पुडाँगमध्ये १९१९ च्या जानेवारीत शिल्लक राहिलेल्या हिंदी अफूच्या सुमारे बाराशे पेट्या चिनी सरकारने विकत घेऊन जाहीरपणे जाळल्या. त्यांत माळव्याच्या पेट्या किती होत्या, हे इंदूरकरांनी वाटाड्या मुलीला विचारले. तिला माळवा ठाऊक नव्हता. कोटणीस मात्र ठाऊक होते. ‘खदीहुआ’ हे त्यांचे चिनी नाव तिने हसून सांगितले.

परतीच्या गाडीत इंदूरकर म्हणाले, की गाठोडे सोडवून घ्यायचे. ते त्यांनी केले. मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे वह्या दिल्या. काही पाने वाळवीने खाल्ली होती, उरलेल्यांचे लिप्यंतर सुरू झाले. त्यांच्या घरातल्या एका वडीलधाऱ्यांना हे रुचले नाही. “घराण्याचे नाव कशाला काढता?” असे ते म्हणाले. त्यावर इंदूरकरांनी दिलेले उत्तर आम्हांला पटले. ते म्हणाले, “काका, नाव मी काढीत नाही. ते वहीत लिहिलेलेच आहे.”

वाचकांपैकी अनेकांच्या माळ्यावर अशी गाठोडी असतील. मोडी वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत आणि वाळवीला लिपीची अडचण नसते. विनंती इतकीच, की ती सोडवावीत, वाचून घ्यावीत आणि त्यांत सायर, परवाना, पेटी असे शब्द आढळल्यास ते पान बाजूला काढू नये. कोटणिसांच्या चरित्राशेजारी तेही पान आपल्याच कपाटात राहिले पाहिजे.