सिकलसेल: रक्तातला आजार डोळ्यांपर्यंत आणि मेंदूपर्यंत कसा पोहोचतो?

सिकलसेल म्हटलं की अंगात रक्त कमी आणि सांधेदुखी, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण हा आजार डोळ्याच्या पडद्याला आणि मेंदूलाही इजा करू शकतो, आणि तेही बऱ्याचदा काहीच न दुखता. नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रत्येक कुटुंबाला हे माहीत असायला हवं.

नंदुरबारचा संबंध काय?

पुण्याचे संशोधक डॉ. सुदाम काटे यांनी अनेक वर्षं महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांमध्ये सिकलसेलचा अभ्यास केला. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार भिल्ल आणि पावरा यांच्यासह काही समाजांमध्ये वाहकांचं प्रमाण 20 ते 35 टक्के होतं. ज्या जिल्ह्यांत प्रत्येकी 5 हजारांहून जास्त रुग्ण असावेत असा त्यांचा अंदाज होता, त्यांत नंदुरबारही होता.

हा आजार फक्त आदिवासींनाच होतो असं मात्र नाही. विदर्भात तो इतर समाजांमध्येही आढळतो.

पेशीत नेमकं काय बिघडतं?

तांबड्या पेशीत ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन असतं. सिकलसेलमध्ये त्याच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. बदल एवढाच. पण ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या काड्या होतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते.

ऑक्सिजन मिळाला की ती पुन्हा सरळ होते. असं वारंवार झाल्याने पेशीवर ताण येतो आणि ती लवकर फुटते. साधी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसच. फुटलेल्या पेशीतलं हिमोग्लोबिन रक्तात मोकळं झाल्यावर रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही त्रास होतो.

डोळ्यात काय होतं?

डोळ्याच्या पडद्याच्या कडेला रक्तवाहिन्या फार बारीक असतात. ताठ पेशी तिथे अडकतात आणि तेवढ्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही. मग शरीर तिथे नव्या वाहिन्या तयार करतं, पण त्या नाजूक असतात. त्या फुटून डोळ्यात रक्त उतरू शकतं, कधी पडदाही सरकतो. नुकसान कडेपासून सुरू होत असल्याने सुरुवातीला नजर चांगलीच असते. म्हणूनच "मला नीट दिसतंय" म्हणून तपासणी टाळू नये. बाहुली मोठी करणारं औषध घालून पडदा पाहिला तर हे बदल लवकर कळतात. गरज पडल्यास लेझर उपचार करता येतात.

मेंदूत काय होतं?

मेंदूच्या वाहिन्या अरुंद झाल्या किंवा बंद पडल्या तर लहान मुलालाही लकवा येऊ शकतो. काही मुलांना लहान लहान इजा होतात. हातपाय नीट चालतात, पण शाळेत लक्ष लागत नाही. अशा मुलाला आळशी ठरवण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

डोक्याच्या डॉपलर सोनोग्राफीने धोका आधी ओळखता येतो. 2 ते 16 वर्षांच्या मुलांमध्ये मेंदूच्या मुख्य वाहिनीत रक्ताचा वेग सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर धोका मोठा मानतात. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास पहिल्या लकव्याचा धोका सुमारे 90 टक्क्यांनी कमी होतो, असं 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं.

वाहक आणि रुग्ण यांत फरक

आई किंवा वडील, एकाकडूनच बिघडलेलं जनुक आलं तर ती व्यक्ती वाहक. वाहकाला सहसा त्रास होत नाही. दोघांकडून आलं तर रुग्ण. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के. हा कुणाचा दोष नाही, शाप नाही आणि आजार शिवल्याने पसरत नाही.

काय करावं?

- लग्नाआधी किंवा निदान गरोदरपणात लवकर रक्त तपासून घ्या. देशात 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.
- रुग्ण असाल तर साधारण दहाव्या वर्षापासून एक-दोन वर्षांनी डोळ्याचा पडदा तपासून घ्या.
- मुलाच्या डॉपलर तपासणीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.
- हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल तर मनाने बंद करू नका. मूल हवं असेल किंवा दिवस गेले असतील तर लगेच डॉक्टरांना सांगा.
- तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं किंवा अचानक कमी दिसणं यांपैकी काहीही झालं तर 108 वर फोन करा. थांबेल म्हणून वाट पाहू नका.