'कदाचित' गळाले कोठे?

युद्धाच्या समर्थनासाठी सरकार जेव्हा गुप्तवार्तेचा हवाला देते, तेव्हा ते नागरिकांकडे एक विलक्षण मागणी करीत असते. आम्हांला ठाऊक आहे, कसे ठाऊक आहे ते सांगता येणार नाही, तरी विश्वास ठेवा आणि आपली मुले रणांगणावर धाडा, अशी ती मागणी. धरणाचा खर्च असो वा पिकांची आणेवारी, सरकारी आकड्यांची शहानिशा करण्याचे काही ना काही मार्ग सामान्य माणसाला खुले असतात. येथे ते बंद असतात. शिवाय गुप्ततेचे कारण पुष्कळदा खरेही असते. खबऱ्याचे नाव फुटले तर त्याचा जीव जातो. त्यामुळे हा व्यवहार निव्वळ विश्वासावर चालतो. अमेरिका आणि ब्रिटन या दोन लोकशाही देशांत तो कसा मोडत गेला, याची बरीच कागदपत्रे आता खुली झाली आहेत. भाषा शिकवणे हाच आमचा व्यवसाय असल्यामुळे असेल, परंतु ती वाचताना आमचे लक्ष वारंवार एकाच गोष्टीकडे गेले. सरकारे खोटे बोलली, असे म्हणणे सोपे आहे आणि ते काही अंशी खरेही आहे. मात्र मूळ टिपणापासून व्यासपीठावरील भाषणापर्यंतच्या प्रवासात जे घडले ते याहून बारीक आहे. वाक्यांमधली शंकादर्शक पदे एकामागून एक गळत गेली.

टोंकिनच्या आखातात २ ऑगस्ट १९६४ रोजी उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो नौकांनी 'मॅडॉक्स' या अमेरिकी विनाशिकेवर हल्ला केला. ही घटना निर्विवाद आहे. त्याआधी दोन-तीन दिवस दक्षिण व्हिएतनामच्या नौकांनी अमेरिकेच्या साहाय्याने उत्तरेच्या किनाऱ्यावर गुप्त छापे घातले होते, हे मात्र जनतेला सांगण्यात आले नाही. पुढे ४ ऑगस्टच्या वादळी रात्री 'मॅडॉक्स' आणि 'टर्नर जॉय' यांनी दुसऱ्या हल्ल्याची वर्दी दिली. काही तासांतच तेथील प्रमुख अधिकारी कॅप्टन जॉन हेरिक यांची निराळी तार आली. रडारवरच्या आकृती हवामानामुळे उमटल्या असाव्यात, पाण्याखालचे आवाज टिपणारे खलाशी अतिउत्साही झाले असावेत, 'मॅडॉक्स'वरून प्रत्यक्ष डोळ्यांनी कोणी काही पाहिलेले नाही, पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी पूर्ण छाननी व्हावी, असा तिचा आशय. हेरिक नंतरच्या तारांत थोडे डळमळले, हेही नमूद केले पाहिजे. परंतु त्याच रात्री अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून जे भाषण केले, त्यात यातले एकही 'असावे' उरले नव्हते. ७ ऑगस्टला युद्धाचा मार्ग मोकळा करणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, तर सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला.

दुसरा हल्ला झालाच नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे स्वतःचे इतिहासकार रॉबर्ट हॅन्यॉक यांचा या विषयावरील अभ्यास २००५ मध्ये खुला झाला. चोरून ऐकलेल्या संदेशांपैकी जे हल्ल्याच्या कथेला छेद देत होते ते वर पोहोचलेच नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यातला एक तपशील आम्ही विसरू शकत नाही. पुरावा म्हणून दाखवलेल्या एका व्हिएतनामी संदेशाचे दोन अनुवाद आढळतात. एकात दोन 'सहकारी' गमावल्याचा उल्लेख आहे, दुसऱ्यात दोन 'नौका'. मूळ व्हिएतनामी मजकूर दप्तरात सापडत नाही. जुन्या पोथ्यांचे पाठभेद जुळवणाऱ्या संशोधकाला ही अडचण नवी नाही. मूळ प्रत हरवली की लेखनिकाची इच्छा हीच संहिता बनू लागते. पोथीच्या बाबतीत त्यामुळे विद्वानांत वाद माजतो, इतकेच.

व्हिएतनामचे युद्ध संपल्यावर हा धडा गिरवला गेला असेल, अशी अपेक्षा कोणीही केली असती. इराकच्या बाबतीत जे घडले ते अधिक पद्धतशीर होते. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेच्या गुप्तवार्ता संस्थांनी इराकच्या महासंहारक अस्त्रांविषयी एक गोपनीय अहवाल सिद्ध केला आणि काही दिवसांतच त्याची जनतेसाठी संक्षिप्त आवृत्ती काढली. सिनेटच्या समितीने २००४ मध्ये दोन्ही संहिता शेजारी ठेवून तपासल्या. गोपनीय आवृत्तीतली 'आमचा अंदाज असा', 'आमच्या मते' ही पदे जाहीर आवृत्तीतून काढून टाकलेली आढळली. रासायनिक अस्त्रांच्या साठ्याविषयी आपल्याकडे नेमकी माहिती फारच थोडी आहे, अशी कबुली देणारे उपवाक्यही वगळलेले होते. कर्ता गेला, अंदाज गेला, उरले ते विधान. व्याकरणाच्या तासाला विद्यार्थ्यांनी असे संक्षेपलेखन केले असते तर आम्ही गुण कापले असते.

मतदानापूर्वी हा गोपनीय अहवाल सिनेटच्या सदस्यांना वाचण्यासाठी उपलब्ध होता. सुमारे ९० पानांचा तो मजकूर संपूर्ण वाचणारे मोजकेच निघाले. गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष बॉब ग्रॅहम हे त्यांपैकी एक. त्यांनी युद्धाच्या विरोधात मत दिले. ठराव ७७ विरुद्ध २३ असा संमत झाला. सरकारांवर टीका करताना आपण प्रतिनिधींना फार सहज मोकळे सोडतो, असे आम्हांला वाटते.

ब्रिटनमधील प्रकार याहून नाट्यमय होता. २४ सप्टेंबर २००२ रोजी टोनी ब्लेअर यांच्या सरकारने प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत, इराक आदेश मिळताच ४५ मिनिटांत संहारक अस्त्रे सज्ज करू शकतो, हे विधान चार ठिकाणी होते. पंतप्रधानांच्या प्रस्तावनेतही ते होते. लंडनच्या वृत्तपत्रांनी ते मोठ्या मथळ्यांत छापले आणि सायप्रसमधले ब्रिटिश तळ माऱ्याच्या टप्प्यात असल्याची भीती पसरली. मूळ टिपणाचा रोख मात्र रणभूमीवर वापरायच्या कमी पल्ल्याच्या दारूगोळ्याकडे होता. सरकारने हा गैरसमज दूर केला नाही. २००४ च्या बटलर समितीने जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीचा ठपका कोणावर ठेवला नाही. उपलब्ध माहितीवर तिला पेलणार नाही इतका भार टाकला गेला, असा तिचा अभिप्राय होता. इंग्रज न्यायाधीश आणि सनदी अधिकारी सौम्य भाषेत किती काही सांगून जातात, याचा हा नमुना होय. वाचणाऱ्याने मात्र सौम्यपणालाच निर्दोषत्व समजू नये.

५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेसमोर उभे राहिले. मागच्या आसनावर सीआयएचे संचालक जॉर्ज टेनेट होते. पॉवेल यांच्याइतका विश्वासार्ह माणूस त्या मंत्रिमंडळात दुसरा नव्हता, आणि खर्ची पडली ती नेमकी तीच विश्वासार्हता. इराकने मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अण्वस्त्रांसाठी नसून रॉकेटसाठी आहेत, असे ऊर्जा खात्याचे तज्ज्ञ आणि पॉवेल यांच्याच खात्याचा गुप्तवार्ता विभाग सांगत होते. पॉवेल यांनी मतभेदाचा उल्लेख केला; मग आपण तज्ज्ञ नाही, जुने सैनिक आहोत, असे म्हणून तो बाजूला सारला. फिरत्या जैविक प्रयोगशाळांचे त्यांनी केलेले वर्णन तर मुख्यतः एकाच माणसाच्या सांगण्यावर उभे होते. 'कर्व्हबॉल' या सांकेतिक नावाने ओळखला जाणारा हा इराकी निर्वासित जर्मनीच्या हेरखात्याच्या, म्हणजे बीएनडीच्या ताब्यात होता. अमेरिकी अधिकाऱ्यांनी युद्धापूर्वी त्याची स्वतः जबानीही घेतलेली नव्हती. आपण ती कहाणी रचली, हे त्याने २०११ मध्ये मान्य केले. पॉवेल यांनी २००५ मध्येच त्या भाषणाला आपल्या कारकिर्दीवरील डाग म्हटले होते. इराकमध्ये अस्त्रांचे साठे नव्हते, असा निर्वाळा अमेरिकेच्याच तपासपथकाने २००४ मध्ये दिला.

येथवरची कथा बहुतेकांना परिचित आहे. तिचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीत अखेरीस लांडगा खरोखर येतो, आणि मेंढ्या मात्र आरोळी ठोकणाऱ्याच्या खोडीची किंमत मोजतात. २१ ऑगस्ट २०१३ रोजी दमास्कसजवळील घौता येथे विषारी वायूने शेकडो माणसे मेली. सीरियाच्या राजवटीनेच तो वापरला, असा गुप्तवार्ता समितीचा अभिप्राय ब्रिटिश सरकारने जाहीर केला. इराकने लोकमताची विहीर नासवून ठेवली आहे, अशा अर्थाची कबुली पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी सभागृहातच दिली. २९ ऑगस्टला त्यांचा ठराव २७२ विरुद्ध २८५ मतांनी फेटाळला गेला. लष्करी कारवाई शहाणपणाची ठरली असती की नाही, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि आमचा कल नकाराकडे आहे. परंतु त्या चर्चेत सीरियाइतकेच, कित्येकदा त्याहून अधिक, इराक बोलत होता. सरीन वायू वापरला गेल्याचे खात्रीलायक पुरावे असल्याचा अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी १६ सप्टेंबरला दिला.

२०२२ च्या आरंभी रशिया युक्रेनवर आक्रमण करणार, असे अमेरिका उच्चरवाने सांगत होती. या वेळी युद्ध सुरू करण्यासाठी नव्हे, तर थांबवण्यासाठी गुप्तवार्ता जाहीर होत होती. तरी पत्रकार पुरावा मागत होते, युरोपातील अनेक राजधान्या साशंक होत्या आणि खुद्द कीव्हमध्येही आक्रमण होईल असे सर्वांना वाटत नव्हते. १७ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री अँटनी ब्लिंकन सुरक्षा परिषदेत, पॉवेल बोलले होते त्याच व्यासपीठावर, बोलले. पूर्वी अमेरिकेची गुप्तवार्ता खरी ठरली नाही याची काहींना आठवण होईल, हे त्यांना मान्य करावे लागले. एका आठवड्याने, २४ फेब्रुवारीच्या पहाटे, क्षेपणास्त्रे पडू लागली. कधीकाळी 'कर्व्हबॉल'चे म्हणणे टिपून घेणाऱ्या बीएनडीचे तत्कालीन प्रमुख ब्रुनो काल त्या सकाळी तातडीच्या चर्चेसाठी कीव्हमध्येच होते. विमाने बंद झाली होती. निर्वासितांच्या लोंढ्यातून त्यांना रस्त्याने पोलंडकडे बाहेर काढावे लागले.