गर्भाशयमुखाची तपासणी: इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी स्त्रियांसाठी

इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव नोंदवल्यावर २५ ते ६४ वयाच्या स्त्रियांना एनएचएसकडून गर्भाशयमुखाच्या तपासणीचे पत्र येते. आपल्याकडे असे घरपोच बोलावणे येत नाही. त्यामुळे ‘मला काही त्रास नाही, मग कशाला?’ असे म्हणून ते बाजूला ठेवले जाते. खरे तर ही तपासणी त्रास नसतानाच करायची असते.

तपासणी कशासाठी?

या कर्करोगाचे कारण जवळजवळ नेहमी एचपीव्ही हा विषाणू असतो. लागण झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा १० वर्षांहून अधिक काळ जातो. तेवढ्या काळात पेशींमधील बदल सापडले, तर उपचाराने कर्करोग टाळता येतो.

विषाणू आढळला तर?

याचा अर्थ कर्करोग झाला असा नाही. त्याच नमुन्यातील पेशी तपासतात आणि गरज वाटल्यास दुर्बिणीतून गर्भाशयमुख पाहतात. हा विषाणू अतिशय सामान्य आहे व शरीरात वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो. म्हणून अहवालावरून पत्नीच्या किंवा पतीच्या चारित्र्याबद्दल शंका घेऊ नये.

संकोच वाटत असेल तर

नमुना घ्यायला काही मिनिटेच लागतात. वेळ ठरवताना पुढील गोष्टी मोकळेपणाने सांगा:

• नमुना स्त्री नर्स किंवा स्त्री डॉक्टरनेच घ्यावा.
• मराठी दुभाषी हवी. ही सोय विनामूल्य असते. मुलाला किंवा पतीला दुभाषी करू नका. त्यांच्यासमोर बऱ्याच गोष्टी सांगायच्या राहून जातात.
• पूर्वी दुखले असेल, तर लहान आकाराचे उपकरण वापरावे.
• कमरेवर चादर मिळते. साडी किंवा सैल कुर्ता असेल, तर तो पूर्ण उतरवावा लागत नाही.
• दुखल्यास ‘थांबा’ म्हणा. तपासणी मध्येच थांबवता येते.

शरीरसंबंध कधीच आले नसतील, तर धोका फार कमी असतो. तपासणी करायची की नाही हे नर्सशी बोलून ठरवा.

‘पिशवी काढली आहे’

भारतात ऑपरेशन झाले असेल, तर त्याचे कागद जीपीला दाखवा. गर्भाशयाबरोबर मुखही काढले असेल, तर ही तपासणी सहसा लागत नाही. मुख ठेवले असेल, तर लागते.

पत्राची वाट पाहू नका

संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव, यांपैकी काही असेल तर लगेच जीपीला भेटा. मागचा अहवाल चांगला आला असला, तरीही भेटा.

घरच्यांसाठी

पत्र इंग्रजीत असते आणि बहुतेकदा मुलगा, सून किंवा पती ते वाचतात. त्यांनी ते समजावून सांगावे आणि वेळ ठरवून द्यावी. तपासणी करायची की नाही, हा निर्णय मात्र तिचा असतो.