तीस तासांचा कोर्स आणि माझा 'आंतरराष्ट्रीय' पेपर

परवा शनिवारी माळा आवरायला काढला आणि एक जुनी फाईल डोक्यावर पडली. फाईलमध्ये काय, तर माझं एक सर्टिफिकेट. सोनेरी बॉर्डर, खाली कुठल्याशा एडिटर-इन-चीफची झोकदार सही, आणि जर्नलच्या नावात 'इंटरनॅशनल', 'अ‍ॅडव्हान्स्ड' आणि 'इनोव्हेटिव्ह' हे तिन्ही शब्द. बीईच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी प्रोजेक्टवर 'रिसर्च पेपर' लिहिला होता, त्याचं हे प्रमाणपत्र.

पेपर लिहिण्यामागे ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हतं. पेपर छापून आला तर प्रोजेक्टला चार मार्क जास्त मिळतात, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. गुरुवारी रात्री पेपर पाठवला, शनिवारी सकाळी 'स्वीकारला' अशी मेल आली. रिव्ह्यूअरचं मत एका ओळीचं, त्यातही स्पेलिंगची एक चूक. गणपतीची वर्गणी काढावी तशी चौघांनी मिळून फी भरली आणि झालो आम्ही संशोधक :)

ते सर्टिफिकेट मी मोठ्या हौसेने आतेबहिणीला दाखवलं. ती सध्या पीएचडी करते. तिने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "अरे, कोर्सवर्कमध्ये आम्हाला हेच शिकवतात. असली जर्नल्स ओळखायची कशी ते. तुझं सर्टिफिकेट सॅम्पल म्हणून देतोस का?"

झालं! दोन वीकेंड त्या कोर्सचा इतिहास वाचण्यात गेले. आणि वाचता वाचता कळलं की या गोष्टीतला बराच भाग आपल्या गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात घडलाय. रोज ज्या चौकात सिग्नलला आपण वैतागतो, त्याच्या पलीकडे. मग म्हटलं लिहूनच टाकू.

सुरुवात करायची २००९-१० पासून. २००९ मध्ये यूजीसीने पीएचडीचे नवे नियम केले. त्यात प्रबंध सादर करण्याआधी रेफरीड जर्नलमध्ये एक पेपर छापून यायलाच हवा अशी अट आली. २०१० मध्ये प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी 'एपीआय' नावाची गुणपद्धत आली. प्रत्येक कामाला पॉइंट्स. रेफरीड जर्नलमधल्या पेपरला १५, रेफरीड नसलेल्या पण आयएसएसएन असलेल्या मान्यवर नियतकालिकातल्या लेखाला १०. हेतू वाईट नव्हता. बढती ओळखीवर न मिळता कामावर मिळावी, आणि काम मोजता यावं, हा विचार होता.

पण आपण आयटीवाले आहोत, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. मॅनेजरने 'किती बग बंद केले' यावर अप्रेझल ठरवलं की टीम काय करते? एका बगचे पाच बग करते. इथेही तेच झालं. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात आठवड्याचे तास घेऊन, परीक्षा, पेपर तपासणी, निवडणुकीची ड्यूटी करून उरलेल्या वेळात संशोधन करायचं. ना लॅब, ना धड लायब्ररी. त्या माणसाला पॉइंट्स तर हवेतच. मागणी तयार झाली की दुकान उघडतंच. घरबसल्या वेबसाइट काढायची, नावात 'इंटरनॅशनल' घालायचं, आणि पैसे घेऊन काहीही छापायचं.

हे फक्त आपल्याकडचं होतं असं नाही. अमेरिकेतल्या जेफ्री बील नावाच्या ग्रंथपालाने २०१० मध्ये या जर्नल्सना 'प्रिडेटरी', म्हणजे शिकारी, हे नाव दिलं. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने तर धमालच केली. मुद्दाम ढोबळ चुका घातलेला एक खोटा पेपर, खोट्या लेखकाच्या आणि खोट्या संस्थेच्या नावाने त्याने ३०४ जर्नल्सना पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला! हा सगळा प्रकार 'सायन्स' मासिकात छापून आला, आणि या धंद्याचा एक मोठा अड्डा भारतात आहे हेही त्यातून दिसलं. हैदराबादच्या ओमिक्स कंपनीला पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने ५ कोटी डॉलर्सहून जास्त रकमेचा दणका दिला.

आता यावर यूजीसीने काय करावं? यादी! २०१७ मध्ये 'यूजीसी-मान्य जर्नल्स'ची यादी आली. तीस हजारांहून जास्त नावं. यात छापा तरच पॉइंट्स. सिक्युरिटीच्या भाषेत म्हणायचं तर व्हाइटलिस्ट. कल्पना ठीक होती, पण व्हाइटलिस्ट तिच्यात नावं कोण घालतं यावर चालते. स्कोपस, वेब ऑफ सायन्ससारख्या डेटाबेसमधली नावं होतीच, शिवाय विद्यापीठांकडून शिफारशी मागवल्या गेल्या. त्या दारातून कोण कोण आत शिरलं असेल याचा अंदाज तुम्हाला आला असेलच.

इथे पुण्याचा प्रवेश होतो. आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर, श्रीधर गद्रे आणि बाहेरचे सुभाष लखोटिया, विश्वमोहन कटोच, कॅनडातले डेव्हिड मोहर अशा सहा जणांनी ही यादी तपासायची ठरवली. विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली ५६९९ जर्नल्स होती, त्यातली १३३६ त्यांनी रँडम निवडली. त्यातली ३२७ स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये होती म्हणून बाजूला काढली. उरली १००९.

मग प्रत्येक जर्नलला प्रश्न विचारले. प्रश्न अगदी साधे आहेत बरं का. पत्ता आहे का? वेबसाइट खरी आहे का? संपादकांची नावं दिली आहेत का? ३४.५ टक्के जर्नल्स या पहिल्याच पायरीवर पडली. म्हणजे दुकानावर पाटीच नाही! आणखी ५२.३ टक्क्यांनी चक्क खोटी माहिती दिली होती: चुकीचा आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टरचे खोटे दावे, असल्या-नसल्या डेटाबेसमध्ये नोंद असल्याच्या बढाया. निष्कर्ष असा की या गटातली ८८ टक्क्यांहून जास्त जर्नल्स हलक्या दर्जाची असू शकतात. मार्च २०१८ मध्ये हा लेख 'करंट सायन्स'मध्ये आला आणि मे २०१८ मध्ये यूजीसीने ४३०५ जर्नल्स यादीतून काढली.

हे वाचताना माझ्यातला इंजिनिअर जरा वैतागला. कारण आयएसएसएन हा आठ आकडी नंबर, आणि त्यातला शेवटचा आकडा हा चेक डिजिट असतो. पहिल्या सात आकड्यांना ८ पासून २ पर्यंत क्रमाने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं, बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर शेवटच्या आकड्याशी जुळलं पाहिजे. (१० आलं तर तिथे रोमन दहाचं चिन्ह असतं, आणि बाकी शून्य आली तर शून्य.) मनाला येईल तो नंबर कुणी ठोकून दिला असेल, तर दहा ओळींच्या कोडमध्ये बहुतेक वेळा पकडता येतो. इम्पॅक्ट फॅक्टरचंही तसंच. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा किती जणांनी संदर्भ म्हणून वापरलं, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. मग सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर येईलच कुठून? माझ्या सर्टिफिकेटवर मात्र तो ठळक अक्षरात छापलेला आहे. तेव्हा आम्हा चौघांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नाही. चौघंही गणितात बरे होतो, हे विशेष.

असो. २०१८ चं वर्ष या गोष्टीत फार महत्त्वाचं. पटवर्धन त्याच वर्षी यूजीसीचे उपाध्यक्ष झाले. जुलैमध्ये वाङ्मयचौर्याविरुद्धचे नियम आले. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्या, ४० ते ६० असेल तर वर्षभर थांबा, आणि ६० च्या वर असेल तर पीएचडीची नोंदणीच रद्द. आणि जुन्या यादीच्या जागी 'यूजीसी-केअर' ही नवी व्यवस्था जाहीर झाली. तिचं मुख्य काम पुणे विद्यापीठातल्या 'सेंटर फॉर पब्लिकेशन एथिक्स'कडे आलं. जून २०१९ मध्ये नवी यादी लागू झाली.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती तिसरीच गोष्ट, जिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. डिसेंबर २०१९ मध्ये यूजीसीने सगळ्या विद्यापीठांना कळवलं की पीएचडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' हा दोन क्रेडिटचा, ३० तासांचा कोर्स करावाच लागेल. सहा भाग: तत्त्वज्ञान आणि नीती ३ तास, वैज्ञानिक आचरण ५, प्रकाशनाची नीती ७, ओपन अ‍ॅक्सेस ४, प्रकाशनातले गैरप्रकार ४, डेटाबेस आणि मोजमापं ७. आणि गंमत म्हणजे या देशभरच्या अभ्यासक्रमात पुणे विद्यापीठाने बनवलेलं, शिकारी जर्नल ओळखायचं एक सॉफ्टवेअर टूलही नेमलेलं आहे!

अमेरिकेत असं शिक्षण बरंच आधी सुरू झालं. तिथल्या एनआयएचने १९८९ मध्येच जाहीर केलं की आमच्या पैशावर संशोधनाचं प्रशिक्षण घेणाऱ्यांना जबाबदार संशोधनाचे धडे द्यावेच लागतील. २००० मध्ये मायामी विद्यापीठातून 'सिटी प्रोग्रॅम' निघाला, तोच ऑनलाइन कोर्स पुढे शेकडो संस्थांत पोचला. आपल्याला तीस वर्षं उशीर झाला म्हणायचं. पण झालं हेही नसे थोडके.

आता तुम्ही म्हणाल, कोर्सने काय होतंय? आपल्याकडे ऑफिसात दरवर्षी कंप्लायन्स ट्रेनिंग असतं. व्हिडिओ म्यूट करायचा, नेक्स्ट-नेक्स्ट करायचं, शेवटी दहापैकी आठ उत्तरं बरोबर आली की सर्टिफिकेट. मी ताईला हेच विचारलं. ती म्हणाली, "अर्धे लोक तसंच करतात. पण मला एक तास आठवतो. मॅडमनी एका जर्नलची वेबसाइट उघडली आणि म्हणाल्या, यांच्या संपादकाला आत्ता मेल करा. केली. उत्तर आलं, मी कुठल्याच जर्नलचा संपादक नाही. त्या दिवसापासून मी कुठलीही वेबसाइट तशी वाचत नाही, जशी आधी वाचायचे."

हे ऐकल्यावर मला यादी आणि कोर्स यातला फरक कळला. कारण केअर यादीचंही पुढे तेच झालं. लोकांनी यादीतल्या खऱ्या जर्नल्सच्या हुबेहूब खोट्या वेबसाइट काढल्या, तेच नाव, तोच आयएसएसएन, फक्त पैसे भरायचं खातं वेगळं. आपल्या भाषेत फिशिंग. केअरला मग अशा नकली जर्नल्सचे इशारे प्रसिद्ध करावे लागले. ज्याला फक्त 'नाव यादीत आहे का' एवढंच बघायची सवय होती तो बरोबर फसला. ज्याने संपादकाला मेल करायची सवय लावून घेतली होती तो वाचला.

शिवाय यादीवर इतर आक्षेपही होतेच. सगळा निर्णय एकाच ठिकाणी, नवीन जर्नल घ्यायला उशीर, भारतीय भाषांतल्या नियतकालिकांना पुरेशी जागा नाही. शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादी बंदच केली. आता जर्नल कसं पारखायचं याचे निकष दिलेत, आणि पारखायची जबाबदारी विद्यापीठांवर आणि कॉलेजांवर सोडलीय. पीएचडीआधी पेपर छापण्याची सक्तीही २०२२ च्या नियमांत निघाली होती. म्हणजे २००९ ची अट गेली, २०१० चं एपीआय २०१८ मध्ये बदललं, २०१७ ची यादी गेली, २०१९ चीही गेली. तीस तासांचा कोर्स मात्र २०२२ च्या नियमांतही टिकून आहे.

मला काळजी वाटते ती इथेच. यादी नाही म्हणजे आता प्रत्येक कॉलेजात कुणीतरी बसून पारखायला हवं. ते कुणी करायचं? ग्रंथपालाने? त्याची जागा कित्येक ठिकाणी रिकामी असते. गाईडने? त्याला स्वतःला हा कोर्स कुणी शिकवलेला नाही, तो फक्त विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे. मोठ्या विद्यापीठांचं निभेल. पण तालुक्याच्या कॉलेजातल्या त्या शिक्षकाकडे आधी निदान एक यादी होती, चुकीची का होईना. आता त्याच्याकडे निकषांचं एक पीडीएफ आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'तीन दिवसांत पब्लिकेशन'च्या जाहिराती आहेत. हा कोर्स आधी गाईडना आणि ग्रंथपालांना द्यायला हवा, असं मला तरी वाटतं.

राहता राहिला माझा पेपर. रविवारी ताईबरोबर बसून आम्ही त्या जर्नलची परीक्षा घेतली. आयएसएसएनचा चेक डिजिट जुळला, म्हणजे तो बहुतेक कुठल्यातरी खऱ्या नियतकालिकाचा असावा. दिलेला पत्ता नकाशावर शोधला तर तिथे एक मंगल कार्यालय निघालं. वेबसाइट केव्हाच बंद पडलीय, त्यामुळे आमचा पेपर आता जगात फक्त माझ्या माळ्यावर आहे. रेझ्युमेमधली ती ओळ मी त्याच रात्री काढून टाकली. सात वर्षं होती तिथे. एकाही इंटरव्ह्यूमध्ये तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कोण जाणे.

बाकीच्या तिघांनाही मेसेज टाकलाय. एकाचा रिप्लाय आला, "अरे, मी त्याच पेपरवर एमएसची अ‍ॅडमिशन घेतली." पुढे काहीच लिहिलं नाही त्याने. मीही काही लिहिलं नाही.

सर्टिफिकेट ताईला दिलंय, पुढच्या बॅचला दाखवायला. आमची नावं मात्र पेनाने खोडून :)