फाटकाच्या आतलं रान

कॅपिबारा तुमच्या फोनमध्ये असणारच. डोक्यावर संत्रं घेऊन गरम पाण्यात बसलेला, कशाचंच टेन्शन नसलेला. उंदराच्या गणातला हा जगातला सगळ्यात मोठा प्राणी. तो जिथे कळपाकळपानं राहतो अशा एका प्रदेशाचं नाव मात्र आपल्या कानावरून फारसं गेलेलं नसतं: यानोस. ओरिनोको नदीच्या खोऱ्यातलं, कोलंबिया आणि व्हेनेझुएलात विभागलेलं अफाट सपाट माळरान. अर्धं वर्ष पाण्याखाली, अर्धं वर्ष भेगाळलेलं. डिसेंबर ते एप्रिल पाणी आटत जातं, उरलेल्या डबक्यांभोवती सगळे प्राणी गोळा होतात, आणि तोच पर्यटकांचा सीझन.

इथली एक दिवसाची सफर साधारण ठरलेली असते. पहाटे बाकडी लावलेल्या उघड्या ट्रकमध्ये बसायचं. ट्रक भराव घालून उंच केलेल्या मातीच्या रस्त्यानं जातो. त्या भरावासाठी माती जिथून उपसली ते खड्डे रस्त्याच्या कडेलाच आहेत. त्यांत पाणी साठतं आणि त्या पाण्यात केमन, म्हणजे मगरीची धाकटी भावंडं, ओळीनं पडलेली असतात. ज्याला आपण निसर्ग म्हणून फोटोत पकडतो, तो बऱ्याचदा कुणाच्या तरी सिव्हिल कामाचा साइड इफेक्ट असतो. (इंजिनिअर माणसाला हे वाचून बरं वाटतं, कबूल आहे.)

दुसरी गोष्ट लक्षात यायला वेळ लागतो. ही सफर बहुतेक वेळा सरकारी अभयारण्यात नसतेच, ती ‘आतो’मध्ये असते. आतो म्हणजे गुरांचं प्रचंड मोठं खासगी कुरण. मध्येच दिसणारी पांढुरकी, वशिंडाची गुरं ओळखीची वाटली तर नवल नाही. ब्राह्मण नावाची ही जात अमेरिकेत तयार झाली ती गीर, गुजरात, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठच्या गुरांच्या रक्तातून. ऊन आणि गोचीड दोन्ही सोसते, म्हणून ती यानोसमध्येही रुजली.

या रानात पाहुण्याला प्राणी दाखवायची प्रथा जुनी आहे. मार्च १८०० मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट कालाबोसो गावी पोचला. त्याला विजेचा झटका देणारे ईल मासे हवे होते. स्थानिक लोकांनी तीसेक घोडे-खेचरं हाकलून एका डबक्यात घातली. मासे त्यांच्यावर तुटून पडले, पाच मिनिटांत दोन घोडे बुडून मेले, मग दमलेले ईल पकडले गेले. पुढे लोकांना ही थापच वाटत असे. २०१६ मध्ये केनेथ कॅटानिया या अमेरिकन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की ईल खरोखरच पाण्याबाहेर उसळी मारून झटका देतो. घोड्यांची बाजू कुणी लिहिलेली नाही.

पण माझ्या मते यानोसचा खरा इतिहास हुम्बोल्टपेक्षा बगळ्यांनी जास्त घडवला. विणीच्या काळात बगळ्याच्या पाठीवर जाळीसारखी नाजूक पिसं येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन, पॅरिस, न्यूयॉर्कच्या बायकांच्या हॅटवर ती हवी होती आणि वजनाला वजन लावलं तर त्यांचा भाव सोन्याच्या वर गेला. पिसं विणीतच येतात, म्हणजे मारायचं तेव्हाच. मोठा पक्षी मेला की घरट्यातली पिल्लं उपाशी. व्यापारी सांगत की व्हेनेझुएलातली पिसं पक्षी न मारता, जमिनीवर गळलेली वेचून आणतात. त्यावर पक्षीप्रेमींशी त्यांचे वर्षानुवर्षं वाद चालले. शेवटी बंदी आली ती गिऱ्हाइकाच्या देशात: अमेरिकेनं १९१३ मध्ये आयात थांबवली, ब्रिटननं १९२१ मध्ये कायदा केला.

रोमुलो गायेगोसची ‘दोन्या बार्बारा’ ही १९२९ ची कादंबरी याच मुलखातली आहे. तिच्या नायकाला आपल्या आतोला तारेचं कुंपण घालायचंय आणि त्यासाठीचे पैसे येणार आहेत बगळ्यांच्या पिसांतून. पिसं घेऊन निघालेल्या माणसाचा वाटेत खून होतो. शाळकरी मुलं तिकडे ही कादंबरी संस्कृती विरुद्ध रानटीपणा अशी वाचतात. मला त्यात दिसतं ते एवढंच, की कुंपण आणि पक्षी एकाच हिशेबाच्या वहीत होते. गायेगोस १९४८ मध्ये देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी लष्करानं त्याला हटवलं.

पिसांनंतर कातडं. ओरिनोको मगरीची शिकार १९३० नंतर इतकी झाली की काही दशकांत नद्या रिकाम्या झाल्या. ही मगर आजही अतिसंकटग्रस्त यादीत आहे. आणि कॅपिबारा? त्याचं तिकडचं नाव चिगुइरे. ईस्टरआधीच्या उपवासात कॅथलिकांना मांस वर्ज्य, मासा चालतो; आणि हा पाण्यात राहतो, म्हणून त्याला माशाच्या पंगतीत बसवलं. खारवून वाळवलेलं त्याचं मांस उपवासात आजही खातात. आपल्याकडच्या साबुदाण्याच्या तर्कशास्त्राला हसणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

या सगळ्यातून प्राणी वाचले कुठे? जिथे फाटक होतं आणि मालकानं बंदुकीला मनाई केली, तिथे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हेनेझुएलातल्या पिन्येरो, एल फ्रिओ अशा आतोंनी शिकार थांबवली, संशोधकांना जागा दिली, मग पर्यटक घेतले. एल फ्रिओ जवळपास ८०,००० हेक्टरचं, म्हणजे अख्ख्या मुंबईपेक्षा मोठं. तिथे मगरीची पिल्लं वाढवून नदीत सोडली जात. चिगुइरेंची मोजणी करून, ठरावीक संख्येतच ते मारले जात.

हे वाचून मालकांना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, पण माझा हात थोडा अडतो. फाटकाबाहेरच्या माणसाला ना जमीन होती, ना चिगुइरे मारायचा हक्क. त्याच्यासाठी संरक्षण म्हणजे आणखी एक राखणदार. एवढी जमीन एका कुटुंबाकडे का, हा प्रश्न चुकीचा नव्हताच. २००९ मध्ये चावेझ सरकारनं एल फ्रिओ ताब्यात घेतलं, तेव्हा उत्तर मात्र असं मिळालं की तिथल्या जैविक केंद्राचं कामच थांबलं. मालक बदलला की रानाचं नशीब बदलतं, कारण ते कधी रानाच्या नावावर नव्हतंच.

आता बरेच पर्यटक कोलंबियाच्या कासानारे भागात जातात. तिथेही आतोच, आणि तिथेही आतोचे हात पोचत नाहीत अशा गोष्टी आहेत. २०१४ च्या दुष्काळात पास दे आरिपोरोजवळ हजारो चिगुइरे पाण्यावाचून मेले. त्या चिखलातल्या सांगाड्यांचे फोटो जगभर गेले.

ट्रकवरचा गाइड बहुतेकदा जुना यानेरो, म्हणजे घोड्यावरचा गुराखी असतो. गुरं हाकताना आणि दूध काढताना म्हणायची त्यांची गाणी युनेस्कोनं २०१७ मध्ये तातडीनं जपायच्या यादीत घातली. अंधार पडला की तो टॉर्च पाण्यावर फिरवतो आणि डबकंभर लालसर डोळे चमकतात. सगळे मोबाइल वर होतात. कातडंवाले शिकारीही मगर अशीच शोधायचे, होडीत बसून, डोळ्यांवर उजेड मारून.