फाटक, दीपक

फाटक, दीपक : (२ एप्रिल १९४८ – ). भारतीय संगणकशास्त्रज्ञ व अध्यापक. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आयआयटी, पवई) चार दशकांहून अधिक काळ प्राध्यापक. डेटाबेस, संगणकप्रणालींचे कार्यमापन आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी हे त्यांचे विषय. मात्र त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले ते पवईच्या वर्गातले शिक्षण इतर महाविद्यालयांपर्यंत नेणाऱ्या मोठ्या यंत्रणांचे रचनाकार म्हणून.

इंदूरच्या श्री गोविंदराम सेकसरिया तंत्रज्ञान व विज्ञान संस्थेतून त्यांनी १९६९ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९७१ मध्ये ते पवईहून एम. टेक. झाले आणि तेथेच रुजू झाले, पीएच. डी.देखील त्याच संस्थेची. ही संस्था १९५८ मध्ये सोव्हिएत साहाय्याने उभी राहिली असल्याने तिथले सुरुवातीचे संगणकही त्याच गोटातले होते : आधी मिन्स्क–२, मग ईसी–१०३०. कार्डांना भोके पाडून प्रोग्राम द्यायचा आणि छापील उत्तराची वाट पाहत बसायचे, असा तो काळ. संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९८२ मध्ये झाला. फाटक यांची पिढी त्यामुळे तयार विषय शिकवायला आलेली नव्हती. विषय, विभाग आणि अभ्यासक्रम तिच्या डोळ्यांदेखत घडले.

परदेशात याच सुमारास सॉफ्टवेअरच्या रचनेचा विचार आकार घेत होता. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत मोठे प्रोग्राम वेळेत व खर्चात का बसत नाहीत, याची चर्चा झाली. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये मांडले की, प्रोग्रामचे भाग पाडताना पुढे बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकेका भागात झाकून ठेवावा, म्हणजे तो बदलला तरी बाकीच्या भागांना धक्का लागत नाही. ड्वेन पेरी व अलेक्झांडर वुल्फ यांचा १९९२ मधील लेख आणि मेरी शॉ व डेव्हिड गार्लन यांचे १९९६ मधील पुस्तक यांनी ‘सॉफ्टवेअर आर्किटेक्चर’ला स्वतंत्र शाखेचे रूप दिले. या शाखेतील एखाद्या सिद्धांतासाठी फाटक ओळखले जात नाहीत. हजारो माणसे एकाच वेळी वापरतील अशी यंत्रणा तुटपुंज्या साधनांत कशी चालवायची, हा त्यांचा प्रश्न होता, आणि शोधनिबंधांच्या यादीवरून त्यांच्या कामाचा अंदाज येणार नाही.

विभागप्रमुख व अधिष्ठाता ही पदे त्यांनी सांभाळली. संस्थेचे माजी विद्यार्थी कंवल रेखी यांच्या देणगीतून १९९०–२००० या दशकाच्या अखेरीस माहिती तंत्रज्ञानाची शाळा निघाली; तिचे संस्थापक प्रमुख फाटक होते. ती पुढे संगणकशास्त्र विभागात विलीन झाली. सुब्राव निलेकणी यांच्या नावाचे अध्यासनही त्यांच्याकडे होते. परवडणाऱ्या तंत्रज्ञानासाठी प्रयोगशाळा, खुल्या सॉफ्टवेअरचा पुरस्कार व ‘एकलव्य’ प्रकल्प ही याच ओघातली कामे.

खरे मोठे काम अध्यापकांच्या प्रशिक्षणाचे. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि साखर कारखान्यांच्या परिसरातही ती उभी राहू लागली. उदाहरणार्थ, नंदुरबार जिल्ह्यातील पुरुषोत्तमनगर हे साखर कारखान्याभोवती वसलेले. जवळच्या शहाद्यात अभियांत्रिकीची सोय झाली. इमारती उठल्या, प्रवेश भरले. शिकवणारे मात्र बहुधा नुकतेच पदवीधर झालेले असत. पवईची एखादी कार्यशाळा गाठायची तर रात्रीचा प्रवास, रजा आणि खर्च. माहिती तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेतून फाटक यांनी उलटा मार्ग काढला. व्याख्यान पवईत व्हायचे, ऐकणारे अध्यापक आपापल्या भागातील केंद्रात बसायचे आणि तेथून थेट प्रश्न विचारायचे. प्रत्येक केंद्राच्या समन्वयकाला आधी पवईत तयार केले जाई. प्रयोग व सराव तो स्थानिक पातळीवर घेई. थेट जोडणीसाठी अमृता विद्यापीठाचे ‘ए–व्ह्यू’ हे सॉफ्टवेअर वापरले जाई. पुढे १०,००० अध्यापकांच्या प्रशिक्षणाचा संकल्प झाला. त्यात खरगपूरची आयआयटी सहभागी होती. विद्यार्थ्यांऐवजी अध्यापकाला गाठायचे, हा या रचनेतला सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल : एक अध्यापक तयार झाला की दरवर्षीच्या तुकड्या आपोआप पदरात पडतात.

वृत्तपत्रांनी मात्र त्यांना ‘आकाश’मुळे ओळखले. स्वस्त टॅब्लेटची ही सरकारी योजना ऑक्टोबर २०११ मध्ये गाजावाजात जाहीर झाली. डेटाविंड कंपनीच्या पहिल्या उपकरणात ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी स्मृती आणि दाबल्याशिवाय प्रतिसाद न देणारा पडदा होता. तक्रारी येणे क्रमप्राप्तच होते. राजस्थानच्या आयआयटीकडून काम २०१२ मध्ये पवईकडे आले. त्यानंतरच्या ‘आकाश–२’ मध्ये एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी स्मृती व बोटाच्या स्पर्शाला दाद देणारा पडदा होता. सरकारला तो २,२६३ रुपयांना पडे. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी त्याचे उद्घाटन केले. पवईचा भर उपकरणापेक्षा त्यावर चालणाऱ्या साधनांवर होता : सायलॅब, पायथन, सी भाषेचा सराव, वर्गातल्या प्रश्नोत्तरांसाठीचे ॲप. उपकरण टिकले नाही. स्वस्त स्मार्टफोन आणि मग स्वस्त इंटरनेट आल्यावर सरकारी टॅब्लेटची गरजच संपली. योजनेचे अपयश फाटक यांच्या माथी मारणे योग्य नाही. कंपनीशी झालेला मूळ करार व किमतीचा हट्ट त्यांच्याआधीचा.

२०१३ मध्ये आयआयटी मुंबई ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्या अमेरिकेतील एडएक्स संघात सामील झाली. फाटक यांचा प्राथमिक प्रोग्रॅमिंगचा अभ्यासक्रम त्या व्यासपीठावर आला आणि त्याच खुल्या सॉफ्टवेअरवर ‘आयआयटी–बॉम्बे–एक्स’ हे संस्थेचे स्वतःचे व्यासपीठ त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. संगणकाचा पहिला धडा घेणाऱ्यासमोर ज्येष्ठ प्राध्यापकाने उभे राहावे, हा त्यांचा आग्रह येथेही दिसतो. बऱ्याच विभागांत तो वर्ग सर्वांत नव्या अध्यापकाच्या गळ्यात पडतो. २०१३ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले.