तीन जीव आणि एक उडी

हुतुतूचे तीन जुने प्रकार सभागृहातील वडीलधाऱ्या मंडळींना ठाऊक असतील : संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी पुन्हा मैदानात येतो. गामिनीत मेला तो मेला. सगळा संघ बाद होईपर्यंत त्याने बाहेर बसावयाचे. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदान सोडतच नाही. गुण तेवढा प्रतिपक्षाच्या नावावर चढतो आणि खेळ पुढे चालतो. आज ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो विषय या व्यासपीठावर पुष्कळांना हलका वाटेल. परंतु त्याचा इतिहास समजावून घेण्यास या तीन शब्दांइतके सोयीचे शब्द मला दुसरे सापडले नाहीत.

विषय आहे व्हिडिओ गेमचा. तोही सगळ्यांचा नव्हे, त्यातील एका लहानशा कुळाचा. पडद्यावर बोटभर उंचीचा एक वीर असतो. तो डावीकडून उजवीकडे धावतो, खड्डे ओलांडतो, शत्रूच्या डोक्यावर उडी मारतो किंवा त्याच्यावर गोळी झाडतो. येणाऱ्याला सबंध खेळ अर्ध्याएक तासाचा. पण त्याचा शेवट पाहावयास मुलांना महिनेच्या महिने लागत, आणि कित्येकांनी तो कधी पाहिलाच नाही. खेळ इतका आखूड आणि इतका अवघड का? आणि तरीही मुले त्याला का चिकटली?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाण्यात आहे. हे खेळ प्रथम आले ते दुकानातील उभ्या यंत्रांवर. १९७८ साली जपानमध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला, १९८१ साली ‘डाँकी काँग’ आला, आणि या दुसऱ्या खेळातील सुतार गडगडत येणाऱ्या पिंपांवरून उडी मारू लागला. यंत्राच्या मालकाचे हित स्पष्ट होते. गिऱ्हाईक फार वेळ उभे राहता कामा नये, आणि चिडून निघूनही जाता कामा नये. त्याने खिशात हात घालून दुसरे नाणे टाकावे. म्हणून तीन जीव द्यावयाचे आणि तेही लवकर काढून घ्यावयाचे. यातला कळस ‘घोस्ट्स एन गॉब्लिन्स’ या १९८५ सालच्या खेळाने गाठला. त्यातील शिलेदाराला एक फटका बसला की चिलखत गळून पडे आणि तो अंतर्वस्त्रानिशी पळू लागे. दुसऱ्या फटक्याला संपला. त्याने एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलणे नाही. इतके सोसून शेवट गाठलाच, तर तेथे सांगितले जाई की हा सारा भास होता, पहिल्यापासून पुन्हा खेळा!

दुसरे कारण यंत्राच्या दारिद्र्याचे. महाराष्ट्रात बुवा साळवी यांचा जन्मदिवस म्हणून १५ जुलैला कबड्डी दिन पाळतात. योगायोग असा की निन्टेंडो कंपनीने आपले फॅमिकॉम हे घरगुती यंत्र जपानात विक्रीस आणले तेही १५ जुलैलाच, १९८३ साली. त्यावर १९८५ साली आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा सबंध खेळ, बत्तीस टप्पे, चित्रे आणि संगीत धरून, ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. आज मोबाइलने काढलेल्या एका छायाचित्राला याच्या कितीतरी पट जागा लागते. काटकसर अशी की आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांचे चित्र एकच; रंग तेवढा निराळा. इतक्या तुटपुंज्या जागेत मोठा खेळ मावणे शक्य नव्हते. म्हणून लहानच खेळ अवघड करून लांबवावयाचा. आज तरबेज माणूस मधल्या गुप्त वाटांनी तोच खेळ पाच मिनिटांच्या आत संपवतो.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मूळ जपानी यंत्र आपल्याकडे फारसे कोणाला मिळाले नाही. १९९१ नंतर आयातीची बंधने सैल होत गेली आणि पूर्वेकडील देशांत तयार झालेल्या त्याच्या नकला भारतात येऊ लागल्या. ‘लिटल मास्टर’, ‘समुराई’ अशी त्यांची नावे होती. रत्नागिरीसारख्या गावांत हा माल पोचण्याच्या वाटा नेहमीच्याच : गणपतीला वा शिमग्याला येणारा मुंबईचा चाकरमानी, आखातात नोकरीस असलेला कोणी नातेवाईक, आणि पुढे बाजारातील इलेक्ट्रिकची दुकाने. मुले त्या डब्याला टीव्ही गेम म्हणत, वरच्या ठोकळ्याला कॅसेट म्हणत. कॅसेट लागली नाही की ती काढून तिच्या तोंडात जोराने फुंकर मारावयाची, हा विधी कोणी शिकविला ते सांगता यावयाचे नाही. पण तो साऱ्या जगात एकच होता.

या कॅसेटींवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे. ती सरळ लबाडी होती. खरे खेळ थोडेच. तेच ते निरनिराळ्या क्रमांकांनी यादीत घातलेले. तरी या लबाडीत मुलांचा एक लाभ झाला. काही क्रमांकांवर तोच ‘काँट्रा’ किंवा तोच ‘मारिओ’ मधल्याच एखाद्या टप्प्यापासून सुरू होई. जपानी कारागिराने जेथे पोचावयास महिना लावला असता, तेथे नक्कल करणाऱ्याने मुलाला एका क्षणात नेऊन सोडले. अर्थात तेथे तो दोन मिनिटांत मरे, ही गोष्ट वेगळी.

भाषेची अडचण मात्र आली नाही, आणि माझ्या मते या खेळांच्या प्रसाराचे खरे कारण हेच आहे. ‘मारिओ’च्या पहिल्या टप्प्यात आरंभीच एक शत्रू तुरुतुरु चालत येतो. काही न केले तर वीर मरतो. उडी मारली तर वाचतो. ती नेमकी शत्रूच्या डोक्यावर पडली तर शत्रू मरतो. जपानी, इंग्रजी वा मराठी एक अक्षर न वाचता सात वर्षांच्या मुलाला तीन नियम कळले. शिगेरू मियामोतो या रचनाकाराचे हे कसब एखाद्या चांगल्या पंतोजीच्या तोडीचे आहे, असे म्हणावयास मला संकोच वाटत नाही.

आता वैतागाविषयी. तो दोन प्रकारचा असतो आणि त्यात भेद केला पाहिजे. मारिओला उडी मारल्यानंतर हवेतही थोडे वळविता येते. म्हणून तो खड्ड्यात पडला तर मुलाला मनातून ठाऊक असते की चूक आपल्या बोटाची. हा वैताग त्याला पुन्हा खेळावयास बसवितो. १९८८ सालच्या ‘निन्जा गायडेन’मध्ये मात्र उडी घेताना मागून एखादा पक्षी येऊन आदळतो, त्या धक्क्याने वीर मागे फेकला जातो आणि खड्ड्यात पडतो, शेवटच्या शत्रूपुढे हरला तर सहाव्या अंकाच्या आरंभी परत. हा दुसरा वैताग. पत्ते लावून वाटणाऱ्या गड्याबरोबर खेळल्यासारखा. आमच्याकडे तिसरा एक वैताग होता, तो वीज मंडळाच्या स्वाधीन. या बहुतेक खेळांत झालेली प्रगती साठविण्याची सोयच नव्हती. आषाढात तारेवर फांदी पडली की सातव्या टप्प्यावरचा वीर पहिल्या टप्प्यावर!

वडीलधाऱ्यांनाही तक्रारीस जागा होती. शहरांतून व्हिडिओ गेम पार्लरच्या पाटीआड जुगाराची यंत्रे सापडत, पोलिसांचे छापे पडत, आणि त्यामुळे हा शब्दच घराघरांत बदनाम झाला. पण जुगाराच्या यंत्रापुढे माणसाचे कौशल्य वाढत नाही. उडीच्या खेळात ते मिनिटागणिक वाढते. दोन्ही एकाच काठीने हाकणे हा अन्याय होता.

कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो या कारागिराची हकीकत येथे सांगितली पाहिजे. १९८६ साली ‘ग्रेडियस’ हा खेळ घरगुती यंत्रावर आणताना तो त्यांना स्वतःलाच जमेना. म्हणून त्यांनी एक गुप्त किल्ली ठेवली : दोनदा वर, दोनदा खाली, डावे-उजवे, डावे-उजवे, मग बी, मग ए. पुढे तीच किल्ली ‘काँट्रा’त तिसांवर जीव नेऊ लागली. ती एका मुलाकडून दुसऱ्याकडे तोंडातोंडी पसरली, जात्यावरच्या ओव्यांसारखी. हाशिमोतो २०२० साली वारले.

त्या पिढीतली मुले मोठी झाली तेव्हा त्यांच्यापैकी काहींनी तसेच आखूड, ठोकळ्याठोकळ्यांच्या चित्रांचे खेळ पुन्हा रचावयास घेतले. आता नाणेही नव्हते आणि जागेची टंचाईही नव्हती. अवघडपणा ठेवला तो आवडीने. जपानच्या दाइसुके अमाया यांनी एकट्याने पाच वर्षे खपून २००४ साली ‘केव्ह स्टोरी’ दिला. २०१० सालच्या ‘सुपर मीट बॉय’मध्ये वीर मरताच डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पुन्हा उभा राहतो, आणि टप्पा पार झाल्यावर आपले सगळे मागले प्रयत्न एकदम पडद्यावर धावताना व मरताना दिसतात. २०१८ सालच्या ‘सेलेस्ट’मध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही सुमारे एक दशांश सेकंदापर्यंत मारलेली उडी मान्य होते. खेळणाऱ्याला याचा पत्ता नसतो. त्याला एवढेच वाटते की खेळ आपल्याशी न्यायाने वागला. आणि मेल्याची संख्या तेथे मांडून ठेवलेली असते. हजार वेळा मेलात तर हजार.

म्हणजे नाण्याच्या यंत्रावरची गामिनी, मारिओच्या हिरव्या आळंबीने जीव परत देणारी संजीवनी, आणि आता हा अमर. हुतुतूत हे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदले. येथे ते एकामागून एक आले, आणि माझ्या पसंतीचे विचाराल तर तिसरा. दर वेळी आरंभापासून चालावयास लावण्यात जो वेळ जातो तो शिकण्याचा नव्हे, नुसत्या येरझारांचा असतो. ‘काँट्रा’वर वाढलेली मंडळी हे मानणार नाहीत.

या गावात १८२८ पासून वाचनालय आहे. जुन्या पोथ्या आणि वृत्तपत्रे जपणे आपल्याला नवे नाही. त्या कॅसेटींचे मात्र कोणी काही जपलेले नाही. त्यांवर कर्त्याचे नाव नाही, साल नाही, आणि कोकणच्या दमट हवेत आतली तांब्याची टोके हिरवी पडत चालली आहेत. या सभागृहातील कोणाच्या माळ्यावर अशी एखादी पिवळी पडलेली पेटी असेल, तर ती भंगारवाल्याला घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी, आणि तिच्यावरची खेळांची यादी तेवढी उतरून घ्यावी.